थंड हवेतून ऊब

घरातील फ्रीजच्या मागच्या किंवा बाजूच्या भागाला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. आतल्या दुधातून, भाज्यांतून ओढून घेतलेली उष्णता तेथे बाहेर पडत असते. आता कल्पना करा, की फ्रीजचा थंड भाग अंगणात आहे आणि कोमट भाग घरात. मग अंगणातील उष्णता घरात येऊ लागेल. हाच ‘हीट पंप’, म्हणजे उष्णता-पंप.

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात हिवाळ्यात पारा उणे १०° सेल्सिअसच्याही खाली जातो. तेथील पुष्कळ घरांच्या तळघरांत तेलाची भट्टी असते. राज्याने २०१९ साली ठरवले, की २०२५ पर्यंत १ लाख नवे उष्णता-पंप बसवायचे. ते उद्दिष्ट २०२३ सालीच पुरे झाले.

पण उणे १०° च्या हवेत उष्णता कसली, असे तुम्ही विचाराल. उणे १०° म्हणजे २६३ केल्व्हिन. म्हणजे त्या हवेतही भरपूर उष्णता आहे. पंपातील आर-३२ सारखा द्रव साध्या वातावरणीय दाबाखाली सुमारे उणे ५२° लाच उकळतो. त्याला उणे १०° ची हवा तापल्या तव्यासारखीच! हवेतील उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तशी ती तापते. घरात तिचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता खोलीला मिळते.

मग जुनी भट्टी काढून टाकावी का? थोडे गणित करू. १ लिटर तेल जळाले, की सुमारे १०.६ युनिट उष्णता निघते. त्यातील काही धुराड्यातून जाते. घराला सुमारे ९ युनिट मिळते. समजा, बाहेर ७° असताना पंप १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता देतो. मग ९ युनिटांसाठी वीज लागेल ३ युनिट. कडाक्याच्या थंडीत तो दुप्पटच उष्णता देऊ लागला, तर वीज लागेल साडेचार युनिट.

दुसरी अडचणही पाहा. घरात २०° हवे आहे. बाहेर १०° असताना फरक १०° चा. बाहेर उणे १०° झाले, की ३०° चा. म्हणजे घरातून निसटणारी उष्णता तिप्पट झाली आणि नेमकी तेव्हाच पंपाची शक्ती घटली! म्हणून कित्येक ठिकाणी भट्टी तशीच ठेवून तिच्या हवेच्या नळात पंपाचे वेटोळे बसवतात. बहुतेक दिवस पंप चालतो. ठरावीक तापमानाखाली नियंत्रक पंप बंद करून भट्टी पेटवतो. दोन्ही एकदम चालवत नाहीत, कारण भट्टीच्या गरम हवेने वेटोळ्यातील दाब बेसुमार वाढेल. अशा जोडीमुळे तेल पुष्कळ वाचते आणि धूरही कमी होतो.

आता तुम्ही सोडवा : १ लिटर तेल आणि ४ युनिट वीज यांची किंमत सारखीच आहे. पंप तिप्पट उष्णता देत असताना काय वापराल? आणि दुप्पट देत असताना? पंपाने किमान किती पट उष्णता दिली, तर तो परवडेल?