मोतीबिंदूनंतरचा चष्मा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की दृष्टी परत येण्याविषयी रुग्णाला फारशी शंका उरत नाही. 'चष्मा कायमचा सुटेल का?' हाच प्रश्न त्याच्या मनात घोळत असतो. वास्तविक चष्मा सुटणे आणि उत्तम दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पूर्वी गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढल्यावर त्या जागी काहीच बसवले जात नसे. मग सुमारे दहा नंबरचा जाड चष्मा आयुष्यभर वापरावा लागे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्याला बाधत नाहीत, असे हॅरोल्ड रिडली यांना आढळले. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले. मात्र त्या भिंगाची शक्ती प्रमाणाबाहेर ठरली आणि रुग्णाला मोठ्या नंबरचा चष्मा लागला. म्हणूनच आज शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी व बुबुळाची वक्रता मोजून भिंगाचा नंबर ठरवतात.

राजधानीत 'एम्स'मधील १९६७ साली स्थापन झालेल्या डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्रापासून दर्यागंजच्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयापर्यंत अनेक ठिकाणी ही शस्त्रक्रिया होते. कुठेही गेले तरी निवड मुख्यतः पुढील भिंगांतून करावयाची असते.

मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर नेमके दृश्य देते. बहुधा दूरचे स्पष्ट दिसते आणि वाचनासाठी चाळिशी लागते. मल्टिफोकल भिंग प्रकाश विभागून दूरचे व जवळचे दोन्ही दाखवते, त्यामुळे चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते. परंतु विभागलेल्या प्रकाशामुळे दृश्याचा उठाव काहीसा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. बुबुळाच्या वक्रतेत दोष असल्यास टोरिक भिंग उपयोगी पडते.

यांतील योग्य कोणते, हे दिनचर्येवरून ठरते. हिवाळ्यातील धुक्यात नोएडा ते गुरुग्राम रात्री मोटार चालवणाऱ्याला वलयांचा त्रास अधिक जाणवेल. त्याला चाळिशीची तडजोड परवडेल. दिवसभर घरी वाचन, विणकाम करणाऱ्या आणि रात्री वाहन न चालवणाऱ्या व्यक्तीला मल्टिफोकल भिंग सोयीचे वाटू शकेल. मात्र मधुमेहाने दृष्टिपटल बिघडले असल्यास किंवा काचबिंदूने दृष्टी उणावली असल्यास नेत्रतज्ज्ञ सहसा हे भिंग सुचवत नाहीत.

म्हणून 'सर्वांत चांगले भिंग कोणते?' असे विचारण्याऐवजी आपण काय वाचतो, वाहन केव्हा चालवतो, संगणकासमोर किती वेळ बसतो, हे नेत्रतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे. वैद्यकीय विमा असल्यास भिंगाच्या खर्चाची मर्यादा आधीच तपासून घ्यावी. महागडे भिंग प्रत्येकाच्या डोळ्याला मानवतेच असे नाही आणि वाचताना चाळिशी लागली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असेही नाही.