भट्टी, मूस आणि मंडळी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १७:३, स्तोत्र १२:६, यिर्मया ६:२९, मलाखी ३:३

नेमलेल्या पाठांपैकीं पहिल्यांत मूस व भट्टी हे दोन शब्द जोडीनें आले आहेत. उपदेशकबंधू ह्या वचनावर बोलतांना बहुधा सोन्यारुप्याचेंच वर्णन करतात. मुशीकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक सोन्यास जी आंच लागते तीच मुशीस लागते, आणि मूस फुटली तर सोनें राखेंत जातें. म्हणून ह्या पाठांत आपण भांड्याचाच विचार करूं.

रुपें ९६२ अंश सेल्सियसला वितळतें, सोनें १०६४ ला आणि लोखंड १५३८ ला. साधी कुंभारमाती ह्या शेवटच्या आंचेपर्यंत टिकत नाहीं. त्यापूर्वींच ती मऊ पडून ओघळूं लागते. मग आपल्या रानांतील जुने लोहार मातीच्या भट्टींत लोखंड कसें काढीत? ते तें वितळवीतच नसत. लोहदगड व कोळसा भरून भाता चालविला म्हणजे सुमारें १२०० अंशांवर दगडांतील मळ पातळ होऊन वाहून जाई व लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागें राही. तो घणानें ठोकून उरलेला मळ काढीत. आज घुग्घूस येथें स्पंज आयर्न होतें, तेंही न वितळवितांच. जुन्या चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोखंडाविषयीं फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल १८८२ सालीं वाचून जमशेटजी टाटांच्या मनांत पोलादाच्या कारखान्याचा विचार आला होता. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उतरला नाहीं, व कारखाना अखेर दूर साकचीस उभा राहिला.

गोदावरीपलीकडे, तेलंगणांतील कोनासमुद्रम गांवीं, लोक पूर्वीं खरोखर वितळलेलें पोलाद करीत. त्यांच्या मुशी १४०० अंशांच्या आसपासची आंच कित्येक तास सोसत. त्या कशाच्या होत्या? माती आणि भाताचा कोंडा! ज्या कोंड्यास आपण टाकाऊ म्हणतों, तो मातींत मिसळला म्हणजे अग्नींत त्याचा कोळसा होतो, त्यांतील वाळूसारखा अंश शिल्लक राहतो, आणि मूस बळकट होते. हें भातपिकाच्या आपल्या मुलखांतील मंडळीनें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत कायनाइट व सिलिमनाइट हे खनिज दगड सांपडतात. त्यांपासून भट्ट्यांच्या आंतल्या विटा होतात, व त्या १५०० अंशांवरही टिकतात. परंतु कायनाइटला एक खोड आहे. तो प्रथम तापतांना फुगतो. कच्चा तसाच विटेंत घातला तर वीट तडकते. म्हणून तो आधीं वेगळा भाजून, कुटून, मग विटेंत घालतात. सिलिमनाइट फारसा फुगत नाहीं. दोहोंचे घटक तेच, पण रीत वेगळी!

धातूंमध्यें सर्वांत उशीरां वितळणारा टंगस्टन. त्यास ३४२२ अंश लागतात. नागपूर जिल्ह्यांतील कुही-खोबना भागांत त्याचें खनिज आहे. पण हाच धातु उघड्या हवेंत लाल तापविला तर न वितळतां जळतो व त्याची पिवळी भुकटी होते. म्हणून तारेच्या विजेच्या दिव्यांत ती तार कांचेच्या गोळ्यांत बंद करून आंतील हवा काढीत. इतका कणखर धातु, पण त्यालाही आडोसा लागतो.

आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. एखाद्या घराचा बाप्तिस्मा होतो, भाऊबंद त्यांचें पाणी तोडतात, आणि त्याच वर्षीं घरांतील मूल दगावतें. उपदेशक येऊन सांगतो कीं, देव तुम्हांस भट्टींत शुद्ध करीत आहे, धीर धरा. आणि निघून जातो. हें बोलणें मला शास्त्राला धरून वाटत नाहीं. यिर्मयानें नेमकें उलट चित्र दाखविलें आहे : भाता फुंकला, शिसें खर्ची पडलें, तरी मळ गेला नाहीं. रुपें गाळतांना त्यांत शिसें घालीत. तें जळतांना हिणकस भाग आपणाबरोबर नेई. तें सारें करूनही काम फुकट गेलें, असें संदेष्टा म्हणतो. तेव्हां नुसत्या आंचेनें कोणी शुद्ध होत नाहीं. मूल गमावलेल्या आईला तिचें दुःख तिच्या हितासाठींच पाठविलें असें सांगण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? त्या घरीं पंधरा दिवस पाणी भरणें, रात्रीं सोबतीस निजणें, हें मंडळीचें काम आहे. ओली मूस भट्टींत गेली व तडकली, तर सोनार मुशीला दोष देत नाहीं. ती कोणीं व किती दिवस सुकविली हें विचारतो.

मलाखींत गाळणारा बसलेला आहे. त्याला रुप्यांत आपलें मुख दिसेपर्यंत तो बसतो, ही गोष्ट पुष्कळ व्यासपीठांवरून सांगतात. ती त्या वचनांत नाहीं. तेथें एवढेंच आहे कीं, तो बसतो, आग पेटवून निघून जात नाहीं.

वर्गासाठीं : पुढील रविवारीं सोनाराकडून एक जुनी मूस व कुंभाराकडून एक न भाजलेलें मडकें मागून आणावें, आणि मुलांस दोहोंत पाणी ओतून पाहूं द्यावें.