'मेरा साया'च्या आधीचा 'पाठलाग'

प्रश्न : 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' आधी स्वीडिशमध्ये पाहिला, मग इंग्रजीत. एकाच रहस्य कादंबरीवर दोन वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट! मराठी कादंबरीच्या वाट्याला असं भाग्य कधी आलं आहे का?
– एक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)

उत्तर : आलं आहे, आणि तेही स्वीडनच्या पंचेचाळीस वर्षं आधी.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 1964 मध्ये 'पाठलाग' काढला. एका नामांकित वकिलाची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो अजून दुःखातून सावरलेला नाही, तोच पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतल्या एका बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब बायकोचा! ती कोर्टात सांगते, मीच यांची पत्नी. नवरा-बायकोखेरीज कुणाला ठाऊक असणार नाहीत अशा गोष्टी ती बोलू लागते, आणि जिचे अंत्यसंस्कार आपण केले ती कोण होती, या प्रश्नानं वकीलच गोत्यात येतो. शेवट सांगून तुमची मजा घालवत नाही. वकील झाले होते डॉ. काशिनाथ घाणेकर, नायिका भावना, गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक 'पाठलाग'ला मिळालं.

पुढच्याच वर्षी ही कथा तमिळमध्ये 'इदय कमलम' होऊन आली. 1966 मध्ये राज खोसलांनी ती हिंदीत नेली; तो 'मेरा साया', सुनील दत्त आणि साधनाचा. म्हणजे मराठी ते हिंदी अंतर दोनच वर्षांचं. नील्स आर्डेन ओप्लेव यांचा स्वीडिश चित्रपट 2009 चा आणि डेव्हिड फिंचरचा इंग्रजी 2011 चा, तसंच.

फरक आहे तो घर बदलण्यात. फिंचरनं कथा स्वीडनमध्येच ठेवली. तोच बर्फ, तीच बेटावरची धनाढ्य मंडळी, फक्त बोलणं इंग्रजीत. छायाचित्रण आणि संकलन देखणं आहे, पण स्वीडिश चित्रपटात नूमी रापासनं साकारलेली नायिका लिस्बेथ पाहिल्यावर हा दुसरा खटाटोप कशासाठी, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. खोसलांनी मात्र वकिलाला ठाकूर राकेशसिंह केलं, कथा राजस्थानात नेली, मदनमोहनचं संगीत दिलं. पुनर्निर्मिती करायची तर अशी, कथेला नवं गाव देऊन.

तरीही कोर्टातले प्रसंग पाहायचे ते 'पाठलाग'मध्येच. तुम्ही झाडीपट्टीतले; धान कापून झालं की रात्र-रात्र नाटकाला बसणारे. समोरासमोरच्या सवाल-जवाबात एखादा प्रसंग कसा चढत जातो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. या कथेचं सगळं बळ तिथंच आहे, पाठलागाच्या धावपळीत नाही.

मला खरी खंत आहे ती लेखकाची. 'ड्रॅगन टॅटू'चे लेखक स्टीग लार्सन 2004 मध्ये गेले, कादंबरी 2005 मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे छापली गेली, तरी दोन्ही चित्रपटांनी त्यांचं नाव जगभर नेलं. आपल्याकडे उलट झालं. 'मेरा साया'तल्या एका गाण्यामुळे बरेलीत 2020 साली चौकात भलामोठा झुमका उभा राहिला. ज्यांच्या कथेवर तो चित्रपट उभा आहे त्या देवकुळ्यांचं नाव मात्र रहस्यकथा आवडीनं वाचणाऱ्यांनाही सांगावं लागतं. बाबुराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंतच्या या लेखनाला समीक्षकांनी दारातच उभं ठेवलं, त्याचाही हा परिणाम.

तेव्हा आधी 'पाठलाग' पाहा, मग 'मेरा साया'. आणि तुमच्या गावच्या वाचनालयात 'आशा परत येते'ची चौकशी जरूर करा. जुनी प्रत कपाटात असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.