जरीसाठी सीपीएल? आधी हिशोब मांडा

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारातून आता गठ्ठा निघण्याआधी साडीचा फोटो निघतो. लिंबायत-उधन्याकडचं कोणी मराठी पोरगं कॅटलॉगच्या फोटोंचं काम नव्याने सुरू करत असेल, तर त्याला हमखास सल्ला मिळतो: साडीवर चकाकी येते ना, मग पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे सीपीएल, घेऊन टाक.

घाई करू नका. काच, पाणी, प्लॅस्टिक, ओली पानं यांवरून तिरकस उसळणारा प्रकाश बराचसा एकाच दिशेत कंप पावतो. फिल्टर फिरवला की तो अडतो. धातूवरून येणाऱ्या प्रकाशाचं तसं होत नाही, आणि जरीची चमक धातूच्या मुलाम्याची असते. त्यामुळे लेन्सवर कितीही महाग फिल्टर चढवा, काठावरचा पांढरा डाग बहुतेक तसाच राहतो. लाइटपुढेही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सवरचा फिल्टर तिच्याशी आडवा फिरवला, तर डाग जातो, पण जरीही मरते. सोनेरी काठ मातकट दिसला, तर साडी घेणार कोण?

जरीसाठी पैसे घालायचेच तर लाइट मऊ करण्यावर घाला. पातळ पांढऱ्या कापडाचा मोठा पडदा लाइटपुढे ताणा. कापडाच्या या शहरात दोन-तीनशे रुपयांत भागतं. तयार सॉफ्टबॉक्सला दीड ते चार हजार लागतात.

मग सीपीएल कशाला? प्लॅस्टिकच्या पिशवीतला माल, काचेचं कपाट, पॉलिश केलेलं लाकूड, पावसाळ्यातली हिरवळ, तापीचं पाणी, यांसाठी तो खरोखर कामाचा आहे. नंतर संगणकावर रंग गडद करता येतो, पण चकाकीखाली दडलेला तपशील परत आणता येत नाही.

पाचशे ते हजारात मिळणाऱ्या फिल्टरवर बरेचदा कोटिंग नसतं, आणि रंगही पिवळट किंवा निळसर झुकतो. साडीचा रंग बदलला तर व्यापारी ऐकून घेणार नाही. दीड ते साडेतीन हजारांतला कोटिंगचा फिल्टर बहुतेकांना पुरतो. होया किंवा बी प्लस डब्ल्यूचे वरचे प्रकार पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत जातात. रोज त्यावरच पोट असेल तरच तिकडे वळा. माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असतं: ५२, ६७, ७७ मिमी. दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यांत मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि बाकीच्यांसाठी दीडशे ते चारशेच्या स्टेप-अप रिंगा.

दुकानातच पारख करा. कॅमेऱ्यात बघावं तसा फिल्टर डोळ्यापुढे धरा, म्हणजे पुढची बाजू समोर आणि आट्यांची बाजू आपल्याकडे, आणि गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरचे आकडे बघत रिंग फिरवा. एका कोनात पडदा काळा पडला पाहिजे. पडत नसेल तर ती नुसती काच आहे. जुना घेताना कडेला बुडबुडे किंवा थर सुटलेला दिसला, तर ठेवून द्या.

आणखी एक खर्च बिलात दिसत नाही: हा फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. १/१२५ सेकंदाचं काम १/३० पर्यंत घसरतं, म्हणून संध्याकाळी तापीकाठी तो काढून ठेवा किंवा ट्रायपॉड न्या. हाच फिल्टर निळं आकाशही गडद करतो, पण डुमसच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताकडे तोंड केलं तर ते होत नाही. सूर्य खांद्याच्या बाजूला, नजरेशी काटकोनात ठेवून, किनाऱ्याच्या लांबीत उत्तर-दक्षिण बघा. फार रुंद लेन्सवर मात्र आकाशात गडद पट्टा उमटतो.

खाऱ्या हवेनंतर आटे कोरड्या कापडाने पुसा, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फिल्टर ठेवू नका. तरीही तो लेन्सवर घट्ट अडकला, तर पक्कड लावू नका. कडेभोवती रुंद रबर बँड गुंडाळा आणि सारखा दाब देत हळूहळू फिरवा.