आजीच्या डब्यातला रुपया



वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाताना घरोघरी जुने डबे उघडले जातात. त्यांतून चांदीचे रुपये निघतात आणि बरेचदा चांदीच्या भावाने मोडीत जातात. वितळलेले नाणे परत मिळत नाही. म्हणून ते आधी वाचायला शिकू या.

आपल्या बडोदे संस्थानाच्या रुपयाला ‘बाबाशाही’ म्हणत. जुन्या, हाताने ठोकलेल्या रुपयांवर फारसी मजकूर असतो. तो वाचता आला नाही तरी त्यात एखादे नागरी अक्षर शोधा. ते राजाच्या नावाचे आद्याक्षर असते. त्यावरून नाणे गणपतरावांचे (१८४७–५६), खंडेरावांचे (१८५६–७०) की मल्हाररावांचे (१८७०–७५), हे कळते. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात यंत्रावर पाडलेले रुपये आले. त्यांवर एका बाजूस महाराजांची छबी, दुसऱ्या बाजूस तलवार आणि संवत आहे. संवतातून ५७ वजा करा : संवत १९४८ म्हणजे इ. स. १८९१–९२.

आता किंमत कशी ठरते? नाण्यातील चांदी ही फक्त तळची किंमत. १७९४ साली अमेरिकेने पाडलेल्या पहिल्या चांदीच्या डॉलरांपैकी एक २०१३ मध्ये लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला. त्यात चांदी जेमतेम २४ ग्रॅम! बाकी किंमत दुर्मिळतेची आणि उत्तम स्थितीची. आपल्या रुपयाला असा भाव येणार नाही, पण नियम तोच. अक्षरे झिजली आहेत का, संवत पूर्ण दिसतो का, तसे नाणे किती मिळते, हे संग्राहक पाहतो.

आमच्या एका विद्यार्थ्याने घरचा रुपया चिंचेने घासून लख्ख करून आणला होता. कौतुकाने आणला, पण शंभर वर्षांची झिलई गेली ती गेलीच. नाणे घासू नका, कडेला धरा, कागदी पाकिटात ठेवा. माळेसाठी कडी डागलेल्या नाण्याला बाजारात भाव कमी येतो. तरीही ती कडी काढू नका. आजीच्या गळ्यातली खूण तीच आहे.

पालकांसाठी दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते परदेशी नातलगांना पाठवता येत नाही. आणि जमिनीत धन सापडले तर, १८७८ च्या कायद्यानुसार, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

स्वाध्याय : घरच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन करा आणि ते कोणाकडून आले हे आजी-आजोबांना विचारून लिहा. नाणे शाळेत आणू नका, वही आणा. नाण्यावर राजाचे नाव असते, आपल्या पणजीचे नसते. ते आपणच लिहून ठेवायचे आहे.