खूण दिसली नाही तरी निघा

सर्पदंशाचा पेशंट आणला की नातेवाईक बहुतेक वेळा एकच शंका काढतात : "डॉक्टर, दात लागलेले तर कुठे दिसत नाहीत. साप चावला कशावरून?" घोणस चावली तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. डोळ्यांदेखत पाय सुजतो, आग आग होते. कोकणात फुरसे चावले तरी तेच. घोटाळा होतो तो मण्यारीचा.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा पुष्कळदा त्याला जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण असलीच तर डास चावल्याएवढी. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे म्हणतात, पित्त झालं, ओवा-सोडा देतात. मग पापण्या जड होतात. समोरचं दिसावं म्हणून माणूस हनुवटी वर करतो, कपाळाला आठ्या घालतो. त्यावर कुणीतरी म्हणतं, रात्रभर झोप नाही, पडू द्या त्याला. इथे वेळ हातची जाते. पुढे जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. पावसाळ्याच्या दिवसांत खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या मिटताहेत, एवढं दिसलं की साप चावला असं धरून चाला.

घाई कशासाठी, तेही सांगतो. सर्पदंशावरची लस रक्तात मोकळं फिरणारं विष पकडते. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकाला पोचून तिथे बिघाड करून बसलं, की लस तो बिघाड दुरुस्त करू शकत नाही. मग व्हेंटिलेटर लावून शरीराला सावरायला वेळ द्यावा लागतो. त्यातूनही माणसं ठणठणीत बरी होतात. पण श्वास चालू असताना पोचली तर.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. बरणीत जिवंत घोणस आणून टेबलावर ठेवणारे शूर लोक मी पाहिले आहेत. कृपा करा, नको. मारलेल्या सापाचं तोंडही काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाहीतर आम्ही लक्षणांवरून ठरवतो. घोणस-फुरशाची तपासणी तर अगदी साधी आहे : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदा तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, की लस सुरू. सापाचं विष वजन बघून कमी होत नाही, म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

घरी करायचं ते थोडकंच. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, चालायला लावू नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. आवळपट्टी, ब्लेड, तोंडानं विष ओढणं, लिंबाचा पाला चावायला देणं, सगळं बंद. मारुतीला हात जोडायचे तर धावत्या गाडीतून जोडा. मांत्रिकाकडे गेलेले काही बरे होतात, कारण त्यांना धामण किंवा कवड्या चावलेला असतो, किंवा विषारी साप चावूनही विष सोडलेलं नसतं.

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. कुत्र्यांची मोजदाद कोण करणार?

कुत्रा नाकानं चौकशी करतो, म्हणून त्याला दंश होतो तो थोबाडावर नाहीतर पुढच्या पायावर. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. माणूस मागे सरतो, कुत्रा पुढे जातो. घोणशीनं थोबाड सुजतं, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जातं. नाग-मण्यारीनं मागचे पाय लटपटतात, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज बदलतो. त्याला उचलून गाडीत घाला, चालवत नेऊ नका. सुजलेलं तोंड बांधू नका. पण दुखऱ्या कुत्र्याला धरताना स्वतःचे हात सांभाळा. घरातली दुखण्यावरची गोळी त्याला देऊ नका, आयब्युप्रोफेन तर मुळीच नाही. त्यालाही माणसाचीच लस देतात, आणि कुत्रा छोटा म्हणून ती कमी करत नाहीत. ती प्रत्येक पशुवैद्यकाकडे नसते. आपल्या डॉक्टरांकडे आहे का, नसेल तर कुठल्या मेडिकलमधून मिळेल, हे आजच विचारून ठेवा.

रात्री कुत्रा गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघून भुंकत असेल तर अनवाणी, अंधारात त्याला ओढायला जाऊ नका. बॅटरी घ्या, बूट घाला, लांबूनच हाक मारा. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. दंश झाल्यावर बरं वाटत असलं तरी माणसानं निदान 24 तास दवाखान्यात थांबावं. सकाळी शेतावर जायचंय म्हणून सही करून जाऊ नये.