पन्नासचा सल्ला

फोटोग्राफी शिकायला लागलेल्या मुलामुलींना दुसऱ्या लेन्सबद्दल सगळीकडून एकच सल्ला मिळतो: पन्नास मिलिमीटरची, एफ/१.८ वाली घ्या. स्वस्त आहे, हलकी आहे, मागचं सगळं छान धूसर होतं. यातलं काहीच खोटं नाही. तरीही हा सल्ला डोळे झाकून पाळू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. हातात पैसे मोजके असतील तर किमतीचा प्रश्न शेवटी विचारावा. आधी आपल्याला चौकटीत किती रुंद दिसायला हवं ते ठरवावं, मग उजेड किती हवा ते. हा क्रम उलटला की स्वस्तात घेतलेली लेन्स बॅगेतच राहते आणि तिसरीचा शोध सुरू होतो.

पन्नासची कीर्ती आहे ३५ मिमी फिल्मच्या जमान्यातली. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका कॅमेऱ्यावर मुख्यतः याच लेन्सने काम करायचे, हे प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. त्यांच्या फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद होती, हे मात्र सहसा सांगायचं राहून जातं. विद्यार्थ्यांच्या बजेटमधल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो. कॅननचा साधारण २२.३ मिमी रुंद, निकॉन-सोनीचा २३.५ च्या आसपास. त्यावर पन्नासची लेन्स फिल्मवरच्या ८० किंवा ७५ मिमीसारखी वागते. हिशेब सोपा आहे. कॅननच्या अशा बॉडीवर पन्नासमधून दहा फुटांवरची जेमतेम साडेचार फूट रुंदी दिसते. २४ मिमीमधून सव्वानऊ फूट, आणि कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सच्या १८ मिमीमधून बारा फुटांहून थोडी जास्त. चाळीतली खोली, हॉस्टेलची रूम, स्वयंपाकघर, एसटीचा आतला भाग, म्हणजे विद्यार्थी जिथे खरोखर फोटो काढतात त्या जागा बघा. तिथे साडेचार फुटांत एक माणूस मावतो, त्याचं घर मावत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पायांनी झूम करा, मागे सरका.’ मैदानात हे ठीक आहे. खोलीत पाठीला भिंत लागते. शिवाय मागे सरकणं आणि रुंद लेन्स लावणं ही दोन निराळी कामं आहेत. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. गणपतीच्या मंडपात मूर्तिकाराच्या हाताजवळ उभं राहून मागचा सगळा मंडप चौकटीत घ्यायचा असेल, तर मागे सरकून तो फोटो मिळत नाही. दुसराच कुठला तरी मिळतो. अर्थात ज्याला चेहरेच टिपायचे आहेत, अर्ध्या अंगाची पोर्ट्रेट करायची आहेत, त्याने पन्नास बेलाशक घ्यावी. त्या कामाला या किमतीत तिच्या तोडीचं फारसं काही नाही.

मग आपलं काम कोणतं, हे ओळखायचं कसं? पुरावा आपल्याच हार्ड डिस्कवर असतो. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ, अपर्चर, शटर आणि आयएसओ नोंदलेलं असतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये या नोंदींवरून फोटो गाळता येतात. सगळे फोटो मोजू नका, स्वतःला आवडलेले तेवढे निवडा आणि ते कितीवर काढले आहेत ते पाहा. १८ आणि ५५ या टोकांवर गर्दी दिसणारच, कारण झूमची रिंग टोकाला नेऊन सोडायची सवय बहुतेकांना असते. म्हणून मला मधले आकडे जास्त बोलके वाटतात. तरीही खात्री होत नसेल तर किट लेन्सच्या रिंगला ३५ वर चिकटपट्टी लावून आठवडाभर फिरा, मग ती ५० वर लावा. नवीन लेन्सची ही फुकट चाचणी आहे. ती न करता पैसे का टाकावेत, हे मला कळत नाही. कौल रुंदीकडे गेला तर कॅननची २४ मिमी एफ/२.८ किंवा निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स अशा लहान लेन्स याच सेन्सरसाठी बनलेल्या आहेत. पन्नासपेक्षा थोडे जास्त पैसे पडले, तरी त्या कॅमेऱ्यावरून उतरत नाहीत.

उजेडाचं गणितही असंच तपासून घ्यावं. ५५ मिमीवर किट लेन्सचं सगळ्यात मोठं अपर्चर एफ/५.६ असतं. एफ/१.८ त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेतं. जिथे शटर १/१५ वर अडकत होतं तिथे १/१५० च्या आसपास मिळतं. फरक मोठा आहे, पण त्याचीही किंमत मोजावी लागते. जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळा फोकसमध्ये येतो आणि कान निसटतो, दोन माणसं मागे-पुढे असली तर एकच नीट येतो. हल्लीचे कॅमेरे आयएसओ बरंच वाढवू देतात, नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर्सही चांगली झाली आहेत, मग मोठं अपर्चर कशाला, असा आक्षेप कोणी घेतला तर मी तो अर्धा मान्य करीन. ज्याचं बहुतेक काम दिवसा, एफ/८ च्या आसपास होतं, त्याची किट लेन्स पुरेशी तीक्ष्ण असते. त्याने लेन्स घेऊच नये, एक बरा ट्रायपॉड घ्यावा. जो संध्याकाळी, घरात, तालमीच्या हॉलमध्ये हलती माणसं टिपतो, त्याला मात्र प्राइमशिवाय, म्हणजे झूम नसलेल्या मोठ्या अपर्चरच्या लेन्सशिवाय, गत्यंतर नाही. स्वस्त ७०-३०० झूमचा मोह याच कसोटीवर गळून पडतो. ३०० मिमीवर एपीएस-सी बॉडी हातात धरून १/५०० च्या खाली जाणं धोक्याचं, आणि या लेन्स तिथे एफ/५.६ किंवा त्याहून बारीक. नाट्यगृहातल्या उजेडात हे दोन्ही जुळत नाही.

स्वस्ताईचा खरा सापळा माउंटमध्ये, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडणीत, असतो. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळाली तरी त्यांवर ऑटोफोकस होत नाही. एएफ-एस लिहिलेली हवी. उलट एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. कॅननची ईएफ लेन्स एपीएस-सी बॉडीला चालते, पुढे मिररलेस आरएफ बॉडी घेतली तर अॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालते. पण कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स ईएफ बॉडीवर, मध्ये काच असलेला अॅडॉप्टर लावल्याशिवाय, दूरवर फोकस होत नाहीत.

सेकंडहँड घ्यायला मी कधीच नको म्हणणार नाही. मुंबईत बोरा बाजारात असो वा ओळखीतून, विद्यार्थ्याचं बजेट तिथेच जुळतं. फक्त आपल्या हवेचं भान ठेवावं. कोकण, गोवा, मुंबई इथल्या पावसाळ्यात लेन्समध्ये फंगस धरते, आधी कोटिंगवर, मग काचेतही खुणा राहतात, आणि साफ करून त्या जात नाहीत. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून, अपर्चर पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारून तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही उतरली तरी परत द्या, बाहेरून लेन्स कितीही नवीकोरी दिसो. अपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, ती चटकन मिटतात का, तेही पाहा. घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, तिथे ओल धरून राहते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरायचं.